मऊ माती

सिंधुबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. नाशिक रोडच्या मालधक्क्यावर त्या सुमाराला वाघिणी जोडायचे, लोखंडावर लोखंड आदळायचं, आणि ती उठून बसायची. चहा नंतर. आधी काम. खराटा, केरसुणी, बादली, एक ओलं फडकं, एक कोरडं, आणि कमरेला चर्चची किल्ली.

चर्च तिच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होतं. दगडी भिंती, वर कौलं, आवारात एक थोराड चिंच. चिंचेचा पाला झाडणं ज्याने कधी केलं नाही त्याला सोपं वाटतं. ती पानं बारीक असतात, खराट्याच्या काड्यांमधून निसटतात. आधी पाण्याचा हलका हबका मारायचा, पाणी मुरू द्यायचं, मग खराटा जमिनीला जवळजवळ टेकवून लहान लहान फटक्यांनी ओढायचं. घाई केली तर दोनदा झाडावं लागतं. सिंधुबाई एकदाच झाडायची.

मग आत. बाकं सरकवायची, खालचं झाडायचं, बाकं परत जागेवर. बाक न हलवता नुसती केरसुणी खालून फिरवणं तिला चोरी वाटे. शनिवारी प्रभुभोजनाचा पितळी पेला आणि ताट चिंचेने घासायचं. आणि सगळ्यांत शेवटी पाळकाची खुर्ची. शिसवी, उंच पाठीची, हातांवर कोरलेले द्राक्षांचे घड. त्या घडांच्या खाचांत धूळ बसायची. फडक्याचं टोक काडीला गुंडाळून ती एकेका खाचेतून फिरवायची, वर तेलाचा हात. रविवारी पाळक त्या खुर्चीवर बसले की तिला आपलं काम लख्ख दिसायचं.

हे काम आधी तिच्या सासूचं होतं. त्याच्याही आधी त्या घराने पिढ्यान्पिढ्या गाव झाडलं होतं, आणि गावाने लांबून टाकलेल्या भाकरीवर पोट भरलं होतं. सासू सांगायची, "पोरी, झाडू तोच हाय. पण इथं पगार हातावर ठेवतात. टाकत नाहीत."

नवरा याकोब मालधक्क्यावर हमाल होता. सिमेंटच्या गोण्या वाहता वाहता त्याची छाती गेली आणि मग तो गेला. मागे एकच मुलगी राहिली, सुवार्ता. ती नर्सिंग शिकत होती. आईला म्हणायची, "माझी नोकरी लागू दे, तुझा खराटा चौकात जाळते की नाही बघ."

"जाळ. पण आधी नवा आणून दे," सिंधुबाई म्हणायची.

पोरगी हसून लोटपोट व्हायची. पहिल्याच वर्षाला तिला डेंग्यू झाला. आठवड्याच्या आत ती गेली.

कब्रस्तानात जागा कमी होती. ज्यांची ऐपत होती ते कबरेवर ओटा बांधून घेत, नावाची पाटी लावत. ती पक्की कबर. तिला पुन्हा कोणी हात लावत नसे. ज्यांची ऐपत नव्हती त्यांचा मातीचा उंचवटा, तोही दोन-चार पावसाळ्यांत बसून जायचा. काही वर्षं गेली की त्याच जागी पुन्हा खड्डा घेत. खालची हाडं एका बाजूला करत, आणि वर नवा माणूस ठेवत. याला तिथे रांग उलटणं म्हणत. याकोबची रांग उलटली तेव्हा सिंधुबाई गप्प बसली होती. त्याच्या वर कोण आहे तेही तिला माहीत नव्हतं. मुलीच्या बाबतीत ती गप्प बसणार नव्हती. चर्चचा पगार ती पोस्टात टाकू लागली. खायला दोन घरची धुणीभांडी होती. चर्चचा पैसा फक्त ओट्यासाठी.

मंडळीचे सेक्रेटरी होते मनोहर त्रिभुवन. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोलून मापून. तिने त्यांना आपला बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही जमवा. मुदत भरायच्या आत झालं तर ठीक. मुदत भरली की मग पाळक काय म्हणतील ते. त्यांचा शब्द पडला तर थांबू, नाहीतर नियम सगळ्यांना सारखा."

कबरी खोदणारा काळू मात्र सरळ बोलला होता. "बाई, मी हाय तोवर तुझ्या पोरीवर कुदळ पडायची नाय. तू निवांत झाड."

रविवारी उपासना संपली की सिंधुबाई कब्रस्तानात जायची. भिंतीकडची रांग, कडुनिंबापासून थोडी पुढे. तिथली जमीन मुरमाड. तिने त्या एवढ्याशा तुकड्यातला खडा न् खडा वेचून काढला होता. नदीकाठची माती चाळून आणून घातली, शेणखत घातलं, मोगरा लावला, कडेने विटा रोवल्या. पाणी कधी चुकवलं नाही. माती अशी झाली होती की बोट खुपसलं तर बोट जावं.

इतकी वर्षं अशी गेली. ओटा आता दृष्टिपथात होता. तेव्हा नवे पाळक आले.

पाळक निर्मल चक्रनारायण तिशीतले होते. पुण्यात वाढलेले, वडील कॉलेजात प्राध्यापक. माणूस मनाने खरा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. त्यांनी चर्चच्या बंगलीत राहायला आल्यावर नोकर ठेवला नाही. ते सायकलने फिरत. कोणी "साहेब" म्हटलं की कान पकडत. पहिल्याच रविवारी ते त्या शिसवी खुर्चीवर बसले नाहीत. खाली सतरंजीवर बसले. म्हणाले, "जो पुढे उभा राहतो त्याची जागा सगळ्यांत खाली. माझी जागा तुमच्या पायांशी आहे." बायकांनी पदराने डोळे टिपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः, एका माणसाच्या मदतीने, ती खुर्ची उचलून अडगळीच्या खोलीत ठेवली.

सिंधुबाईने दारातून विचारलं, "साहेब, मोडली का?"

"नाही मावशी. मी तिच्या लायक नाही."

तिने दारातूनच खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची तर पुसलेली होती.

महिनाभराने त्यांनी कमिटीच्या बैठकीचं अध्यक्षपदही सोडलं. सेवकाने अध्यक्ष होऊ नये, असं त्यांचं म्हणणं. ती जागा त्रिभुवन साहेबांकडे गेली, आणि त्रिभुवन साहेबांनी ती घेतली. त्यांना ती बरेच दिवस हवी होती.

मग आला झाडू. पाळकांनी उपदेशातच जाहीर केलं, "देवाच्या घराची झाडलोट ही मजुरी नाही. ती सेवा आहे. इतकी वर्षं आपण ती एका बाईवर टाकली आणि पैसे देऊन मोकळे झालो. याची मला लाज वाटते. येत्या शनिवारपासून पहिला झाडू मी घेईन. मग कमिटीचे सभासद, मग घरटी एक जण, पाळीपाळीने. आणि सिंधुमावशी आता पहिल्या बाकावर बसतील. मावशी, या पुढे."

सगळ्या चर्चने माना वळवल्या. सिंधुबाई कायम शेवटच्या बाकाच्याही मागे, दाराशी बसायची, घंटेच्या दोराजवळ. ती उठून पुढे गेली. पहिल्या बाकावर त्रिभुवनबाईंच्या शेजारी बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आपल्याला काहीतरी मिळालं. काय मिळालं ते महिनाअखेरीस कळलं. पगार आणायला ती गेली तेव्हा त्रिभुवन साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"सिंधुबाई, आता कसला पगार? पाळकांनी भर चर्चमध्ये सांगितलं ना, मजुरी नाही म्हणून. कमिटीने ठराव केला. तुम्ही तर पुढेच बसला होता."

शेजारची बायडाबाई स्टेशनबाहेर फुलं विकायची. तिने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "साहेबाने झाडू घेतला? मग तू काय घेणार, उपदेश?"

"तो चांगला माणूस आहे गं."

"मी कुठं वाईट म्हणते? पण चांगल्या माणसाने आपल्या घरचं झाडावं. दुसऱ्याच्या ताटातलं कशाला?"

पाळकांचा झाडू मारतानाचा फोटो कोणीतरी काढला. तो मोबाइलवर या मंडळीतून त्या मंडळीत फिरला. लांबलांबून लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. पाळक संकोचले, पण फोटो काढू नका असं काही म्हणाले नाहीत. म्हातारी माणसं मात्र मनातून दुखावली. एक आजोबा चिंचेखाली बसून पुटपुटले, "हातातला झाडू सोडायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. आमचा पाळक पांढऱ्या झग्यात वर बसतो, हे बघून आमच्या बापाला बरं वाटायचं. हे लेकरू तो झाडू परत उचलतं, आणि आम्ही म्हणायचं वाहवा."

पाळक आपला शनिवार कधी चुकवत नसत. घाम गाळत. तो माणूस कामाला घाबरणारा नव्हता. बाकीच्यांचं तसं नव्हतं. कमिटीतल्या एकाची पाठ दुखायची, दुसऱ्याच्या घरी पाहुणे यायचे. मग शुक्रवारी संध्याकाळी सिंधुबाईच्या दाराशी कोणीतरी उभं राहायचं.

एकदा खुद्द त्रिभुवनबाई आल्या. "सिंधू, उद्या आमची पाळी गं. तेवढं हात फिरवून टाक ना. तुझ्या हाताला सवय आहे."

"टाकते, बाई."

"देवाचंच काम आहे. तुलाही आशीर्वाद."

बाकं धुळीत ठेवणं तिला जमणार नव्हतं, म्हणून ती गेली. असं करता करता बहुतेक शनिवार तिचेच झाले. तोच पाला, तीच बाकं, तोच पेला. पाळी कधी एकाची, कधी दुसऱ्याची. पगार कोणाचाच नाही. पाळकांना हे माहीत नव्हतं. आपली मंडळी बदलली असं त्यांना वाटत होतं, आणि तसं ते उपदेशात सांगतही होते.

रांगेची मुदत जवळ आली. सिंधुबाईने धीर केला आणि बंगलीवर गेली. पाळकांनी तिला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसले. चहा त्यांनीच केला. तिने सगळं सांगितलं. पोरगी, मातीची कबर, भिंतीकडची रांग, पोस्टातला पैसा थोडका कमी पडतोय ते.

"साहेब, कमिटीत एक शब्द टाका. एवढा उन्हाळा थांबा म्हणावं. मी आणते कुठूनही."

"मावशी, साहेब म्हणू नका. भाऊ म्हणा."

"बरं, भाऊ म्हणते. पण शब्द टाका."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी कोण सांगणारा? मी त्या खुर्चीवरून उतरलो ते याचसाठी. मी एकदा शब्द टाकला की तो हुकूम होतो. कमिटी ठरवेल ते योग्यच असेल. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो." त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, मनापासून. मग तिचा कप उचलून मोरीत नेला आणि विसळून पालथा घातला. कप धुतला, शब्द टाकला नाही.

विंचूरला तिची मावसबहीण अक्काबाई राहायची. कांद्याच्या खळ्यावर कामाला जायची. चैत्र सरत आला होता, उन्हाळ कांदा यायला लागला होता, आणि व्यापाऱ्याला बाया हव्या होत्या. सिंधुबाईने धुणीभांडी सोडली, खोलीला कुलूप घातलं. पाणी घालायचं काम बायडाबाईवर सोपवलं, आणि मुलीवर लक्ष ठेवायचं काळूवर.

"तू जा," काळू म्हणाला. "सांगितलंय ना, मी हाय तोवर."

खळ्यावरचं काम असं. ट्रॅक्टर रिकामा झाला की ढिगाशी उकिडवं बसायचं. मोठा कांदा एकीकडे, बारकी गोल्टी एकीकडे, मोड आलेला, डागाळलेला तिसरीकडे. नजर आणि हात एकाच वेळी चालले पाहिजेत. हात थांबला की मुकादम मागे येऊन उभा राहायचा. साल उडून घशात जायचं, पत्र्याखाली अंग भाजायचं. पहिल्या आठवड्यात तिचे गुडघे सुजले. अक्काबाई म्हणाली, "पाट घे बसायला."

"पाटाने हात लांब पडतो," सिंधुबाई म्हणाली आणि उकिडवीच बसली. मुकादमाने तिला कधी टोकलं नाही. त्या हंगामात एकही दिवस तिने खाडा केला नाही. संध्याकाळी हात धुतले तरी कांद्याचा वास जायचा नाही. त्या हातांनी ती जेवायची, आणि त्याच हातांनी उशाखालची पिशवी चाचपून झोपायची.

इकडे पाळकांनी कब्रस्तानात श्रमदान ठेवलं. तरुण पोरं जमवली, स्वतः पुढे राहिले. दिवसभर खपून त्यांनी तण काढलं, काटेरी झुडपं तोडली, वाळलेली रोपं उपटली, इकडेतिकडे पडलेल्या विटा गोळा करून फाटकाशी रचल्या. भिंतीकडची रांग साफ सपाट झाली. पालिकेने केलं नसतं इतकं चांगलं काम झालं होतं. मोगरा उन्हाने मलूल झाला होता, तोही कचऱ्यात गेला.

बायडाबाई संध्याकाळी पाणी घेऊन आली तेव्हा जागा ओळखू येईना. कडुनिंबापासून पावलं टाकत तिने अंदाज घेतला आणि पाणी ओतलं. ओतत राहिली, रोज. सांगितलं होतं म्हणून. झाड नाही तर पाणी कशाला, असं तिने विचारलं नाही. मैत्रिणीला फोन करून सांगायचंही तिला जिवावर आलं. आल्यावर लावू दुसरं, असं ती स्वतःला म्हणाली.

मे महिन्याच्या मध्याला आमोस पाटोळे नावाचा म्हातारा वारला. रेल्वेतून निवृत्त, एका खोलीत एकटा राहायचा. जवळचं कोणी नाही. उन्हाळ्यात प्रेत ठेवता येत नाही. काळू पेठकडे आपल्या गावी गेला होता, भाच्याच्या लग्नाला. पाळकांनी त्रिभुवन साहेबांना फोन केला.

"भिंतीकडची रांग घ्या. मुदत भरलीय. कुठेही घ्या," त्रिभुवन म्हणाले. "माणसं लावा नाक्यावरून."

"माणसं कशाला? मी खोदतो," पाळक म्हणाले.

कोणीही केला नसता तो विचार त्यांनी केला. ज्याला कोणी नाही त्याची कबर आपल्या हाताने खोदावी. दोन पोरांना घेऊन भर दुपारी ते कुदळ घेऊन उभे राहिले. मुरूम तापून दगड झाला होता. पहिल्या जागी कुदळ नुसती वाजली. हाताला फोड आले. थोडं सरकून पाहिलं, तिथेही तेच. तिसऱ्या जागी कुदळीचं पातं सबंध आत गेलं. माती ओलसर होती, काळी, खड्याविना. पोरं म्हणाली, "सर, इथं तर लोणी आहे."

पाळकांनी घाम पुसला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "देवानेच जागा दाखवली."

फाटकाशी चहाची टपरी होती. टपरीवाल्या जमीलला ती जागा कोणाची ते ठाऊक होतं, तो सिंधुबाईला दर रविवारी पाणी नेताना बघायचा. कुणी त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पाळकांनी विचारलं नाही. आपल्यासाठी कोणाला उन्हात उठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भिंतीकडची रांग हे शब्द त्यांनी एकदा, चहा करताना, सिंधुबाईच्या तोंडून ऐकले होते. ते त्यांना आठवले नाहीत.

खाली हाडं लागली. त्यांनी ती फडक्यात घेऊन बाजूला ठेवली, रीतीप्रमाणे. केसांची एक हिरवी क्लिप निघाली. ती त्यांनी हातात धरून पाहिली आणि पुन्हा मातीत ठेवली. संध्याकाळी आमोस पाटोळे तिथे निजले. माती इतकी सुटी होती की खड्डा भरायलाही वेळ लागला नाही.

हंगाम संपला. सिंधुबाई परत आली ती थेट कब्रस्तानात. काखेत पिशवी, हातात पाण्याची कळशी, आणि डोक्यात ओट्याचा विचार. काळू फाटकाच्या आत पारावर बसला होता. तिला बघून तो उठला नाही.

"काळू, आले बघ. गवंडी सांग आता."

काळूने मान खाली घातली. "बाई, मी नव्हतो. लग्न होतं भाच्याचं."

"मग काय झालं? झालं ना नीट लग्न?"

त्याने नुसतं भिंतीकडे बोट केलं. तिने भिंतीकडे पाहिलं. सपाट रांगेत एकच नवा उंचवटा होता, त्यावर दोन काटक्यांचा क्रूस. ती तिथवर चालत गेली. उंचवट्याची माती काळी होती. बाकी सगळी रांग तांबडी. तिने वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरडली, आणि तिला कळलं. ती माती तिने चाळलेली होती.

कळशीतलं पाणी तिने तिथेच ओतलं. ओतायला आणलं होतं म्हणून.

पाळक सायकल टाकून धावत आले. काळूने तेवढ्यात फोन करून त्यांना सगळं सांगितलं होतं. ते तिच्यासमोर त्या मातीत गुडघे टेकून बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "मावशी, मला माफ करा. मी आंधळा झालो. मीच खोदलं. माझ्या हातांनी खोदलं." त्यांनी तिचे पाय धरले. हाताचे फोड अजून पुरते बरे झाले नव्हते.

ती उभी होती. लोक जमायला लागले. त्यांच्यापैकी कोणी पाळकांना उठवेना, तेव्हा ते कामही तिच्याच वाट्याला आलं. गुडघे दुखत असताना ती वाकली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं, पदराने त्यांच्या कपाळावरची माती पुसली.

"उठा साहेब. लोक बघतात."

"साहेब म्हणू नका मला."

"म्हणणार," ती म्हणाली. "साहेब म्हणून तर तुमच्याकडे आले होते. भावाकडे कशाला आले असते? भाऊ मला पुष्कळ आहेत, माझ्यासारखेच. ती खुर्ची मी पुसत होते ना, ती तुमच्या बसण्याच्या सुखासाठी नाही. आमच्यासाठी कोणी त्या जागेवरून बोलावं म्हणून पुसत होते. तुम्ही खाली येऊन बसलात. बसा. पण मग वर बोलणार कोण होतं?"

ती पिशवी घेऊन निघाली.

त्रिभुवन साहेबांकडे ती दुसऱ्या दिवशी गेली. त्यांनाही वाईट वाटलं होतं, तसं ते म्हणाले. पाणी दिलं. मग चष्मा काढून पुसला.

"आता काय करायचं म्हणता?"

"ओटा बांधायचा. पैसे आणलेत."

"अहो, पण आता तिथे पाटोळे आहेत. कमिटीचा नियम असा, की पक्क्या कबरेवर एकच नाव. शेवटी ज्याला पुरलं त्याचं. नाहीतर दोन घरांत भांडणं लागतात. मागे लागली आहेत."

"पाटोळ्यांचं घर कुठे आहे भांडायला?"

"नियम तो नियम, सिंधुबाई. आज तुमच्यासाठी मोडला तर उद्या दहा येतील."

तिने दाराकडे पाहिलं. पाळक तिथे उभे होते, तिच्या मागोमाग आलेले. त्रिभुवन साहेबांनीही पाहिलं आणि थांबले. त्या घटकेला पाळक बोलले असते तर नियम वाकला असता. पाळक पुढे आले. म्हणाले, "खर्च मी देतो, सगळा. माझ्या पगारातून. मावशींचे पैसे नकोत."

"ते नाही हो साहेब," सिंधुबाई म्हणाली. "नावाचं बोला."

पाळकांनी त्रिभुवन साहेबांकडे पाहिलं. त्रिभुवन साहेब अध्यक्षाच्या जागेवर बसले होते. पाळकांनीच दिलेली जागा. "कमिटीने... कमिटीने विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे," ते म्हणाले.

"पुढच्या बैठकीत घेऊ," त्रिभुवन म्हणाले.

बैठक झाली. नियम तसाच राहिला.

बायडाबाई भडकली होती. "सोड तो ओटा. त्या म्हाताऱ्याच्या नावाने तू का खर्चायचं? कानातलं कर, दात बसव, काहीही कर."

सिंधुबाई पायरीवर बसून गुडघ्याला तेल लावत होती. "ओटा नाही बांधला तर काय होईल?"

"काय व्हायचंय आता?"

"पुन्हा मुदत भरेल. पुन्हा उलटतील. माती मऊ आहे, सगळ्यांच्या आधी तिथेच कुदळ घालतील. तिसरा येईल पोरीवर." तिने तेलाची बाटली बंद केली. "म्हाताऱ्याच्या नावाने का होईना, झाकून तर टाकते."

बायडाबाई पायरीवर टेकली आणि तिचा दुसरा गुडघा चोळू लागली.

पाळकांचे पैसे तिने घेतले नाहीत. गवंडी ठरवला. त्याने खालची माती धुम्मसाने ठोकायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "हळू." मग तिचं तिलाच कळलं, आणि म्हणाली, "नाही, ठोक. नीट ठोक. ओटा बसायला नको." उभी राहून तिने त्याच्याकडून काम करून घेतलं. विटा भिजवून घ्यायला लावल्या, कोपरे ओळंब्याला लावायला लावले, गिलाव्याला पाणी मारायला ती स्वतः सकाळ-संध्याकाळ येत राहिली. पाळक एकदा बादली घेऊन आले. तिने ती बादली त्यांच्या हातातून काढून घेतली. रागाने नाही. नुसती काढून घेतली. ते बराच वेळ तिथे रिकाम्या हातांनी उभे होते.

पाटी बसवताना गवंड्याने सहज विचारलं, "सासरे का तुमचे?"

"नाही."

"मग कोण?"

"शेजारी," सिंधुबाई म्हणाली.

गवंड्याने पाटीच्या कडेने सिमेंट भरलं, ओल्या फडक्याने अक्षरं पुसली. वर आलेले सिमेंटचे थेंब वाळायच्या आत तिने नखाने खरवडून काढले, एकेका अक्षराच्या खाचेतून. चर्चमधल्या झाडलोटीचा पगार आणि विंचूरच्या खळ्यावरचा सबंध उन्हाळा, एवढं सगळं त्या पाटीला लागलं होतं. पाटीवर लिहिलं होतं: आमोस पाटोळे.